रेकॉर्डर नंतर घे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला हे वाचून फार आनंद झाला. प्रबंधाला नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचं पारंपरिक संगीत घेतेयस, हेही आवडलं. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस की त्यांचे रात्रभराचे विधी मुद्रित करायला कोणता रेकॉर्डर घ्यावा. रेकॉर्डर नंतर घे. न्यू मेक्सिकोत राहत असताना मला ज्या गोष्टी हळूहळू उमगत गेल्या, त्या तुला जाण्याआधीच माहीत असाव्यात, म्हणून हे लांबलचक पत्र.

तू आणि मी गाणं शिकलो ते मैफलीच्या अंगाने. ऐकलं की पहिली दाद सुराला, मग बंदिशीला. डेव्हिड मॅकॅलेस्टर नावाचे अमेरिकन अभ्यासक १९५०च्या सुमारास नवाहोंच्या 'एनिमी वे' या विधीतल्या गाण्यांचा अभ्यास करत होते. तो १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या लक्षात आलं, की तिथले लोक गाण्याचा बरेवाईटपणा ते गाणं काय करतं यावरून जोखतात. आजारी माणूस सावरला का, घरातलं बिघडलेलं पुन्हा जागेवर आलं का, हे आधी. आवाज गोड होता का, हे कितीतरी नंतर. तुझ्या प्रबंधाचा पाया मी इथे धरला असता. प्रत्येक गाण्यापाशी तीन गोष्टी विचार: हे कशासाठी आहे, कुणाचं आहे आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत गायचं आहे.

'किनाल्दा' घे. मुलगी वयात आली की तिच्यासाठी चार दिवसांचा विधी होतो. परंपरा सांगते की पहिली किनाल्दा चेंजिंग वुमन या देवतेची झाली, आणि पुढची प्रत्येक मुलगी या चार दिवसांत तिच्याच रूपात वावरते. मुलगी पहाटे पूर्वेकडे धावत जाते, दर वेळी आधीपेक्षा थोडी लांब. मका दळते. आपण म्हणतो ना, जात्यावर बसलं की ओवी सुचते. दळणाची गाणी त्यांच्याकडेही आहेत. मग अंगणात खड्डा खणतात, त्यात जाळ करून तो तापवतात, राख काढून कणसाच्या पानांचं अस्तर लावतात आणि मक्याच्या पिठाचं दाट सारण ओततात. वर पुन्हा पानं, माती, आणि मातीवर रात्रभर विस्तव. खड्ड्यात हा 'अल्कान' भाजत असतो तेव्हा होगनमध्ये, म्हणजे पूर्वेला दार असलेल्या त्यांच्या पारंपरिक घरात, गाणं चालू असतं.

ही रात्र नीट समजून घे. सुरुवात करतो तो 'हताली', विधी चालवणारा जाणता गायक. तो होगनची गाणी म्हणतो. त्यानंतर जमलेल्यांपैकी ज्याला जे गाणं येतं ते तो उचलतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. कुणी झोपायचं नाही. एका आजीने मला अशा रात्रीला बोलावलं होतं. माझ्या शेजारी शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ होते. मध्यरात्र उलटल्यावर त्यांचा आवाज पार बसला, तरी त्यांनी आपलं गाणं सोडलं नाही. समोरच्या भिंतीशी टेकलेल्या पुतण्याने ते हळूच उचललं आणि शेवटापर्यंत नेलं. कुणी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही, इतकं ते साहजिक होतं. मुलगी पश्चिमेच्या बाजूला ताठ बसलेली. उजाडताना पहाटेची गाणी झाली, युक्का वनस्पतीच्या मुळाच्या फेसाने तिचे केस धुतले, ती शेवटचं धावून आली आणि अल्कान कापला गेला. मधला मानाचा भाग गायकाला. मुलीने त्यातलं स्वतः खायचं नसतं, सगळं वाटायचं. तिथे मी काही टिपून घेतलं नाही. माझ्याकडे बटाटे सोलायचं आणि सरपण आत आणून द्यायचं काम होतं, आणि ते काम होतं म्हणूनच मला तिथे बसायला जागा होती असं मी आजही मानते.

आता 'एनिमी वे'. हा उन्हाळ्यातला विधी, युद्धावरून परतलेल्या माणसासाठी. शत्रूचा, मृत्यूचा संसर्ग अंगावर घेऊन आलेल्याला पुन्हा आपल्या माणसांत आणायचं, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि पुढे व्हिएतनामहून आलेल्या कित्येक सैनिकांसाठी तो झाला. मातीच्या लहान मडक्यात थोडं पाणी घालून त्यावर कातडं ताणलेला ढोल वाजतो. रात्री दोन वस्त्यांचे पुरुष आळीपाळीने गातात, मुली जोडीदार निवडतात, आणि नाचून झाल्यावर पुरुषाने मुलीला काहीतरी द्यायचं असतं. म्हणजे एका माणसाच्या उपचाराला दोन वस्त्या, त्यांचे नातेवाईक, त्यांची बकरी, त्यांची पिठाची पोती, सगळं लागतं. आजार एकट्याचा असला तरी बरं होणं एकट्याचं नाही, हे मी तिथे जितकं स्पष्ट पाहिलं तितकं कुठेच पाहिलं नाही. २०२०च्या उन्हाळ्यात कोविडने त्या प्रदेशाला भयंकर झोडपलं आणि माणसं जमणंच बंद झालं. तेव्हा नुसते कार्यक्रम थांबले नव्हते, उपचार थांबले होते.

हिवाळ्यात 'नाइट वे' असतो: नऊ रात्री, मुखवटे घातलेले नर्तक, भोपळ्याचे खुळखुळे, एकदम उंच पट्टीत चढणारा आवाज. तुझ्या कानाला सगळ्यात जास्त भुरळ तोच घालणार, हे मला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये शिपरॉकच्या जत्रेच्या सुमारास तो होतो. बाहेरच्यांना जेवढं बघू देतील तेवढंच बघ. फोन गाडीत ठेव.

आणि आता मालकीचा प्रश्न, जो तुझ्या पत्रात कुठेच आला नाही. विधीतली गाणी कुणाच्याही तोंडी सुटी फिरत नाहीत. एकेक विधी शिकायला वर्षानुवर्षं जातात, शिष्य गुरूला त्याचा मोबदला देतो, म्हणून बहुतेक हताली मोजकेच विधी करतात. पण याचा अर्थ 'मुद्रण वाईट' एवढाच काढू नकोस, गोष्ट त्याहून अवघड आहे. होस्टीन क्ला हे नावाजलेले हताली आणि विणकर. ज्याला त्यांनी वर्षानुवर्षं तयार केलं तो शिष्य त्यांच्या आधी गेला. मग मेरी कॅबट व्हीलराइट या बाईंना त्यांनी आपली गाणी आणि कथा नोंदवू दिल्या, आणि १९३७ साली सँटा फेमध्ये त्यांच्यासाठी संग्रहालय उभं राहिलं. चाळीस वर्षांनी, १९७७ साली, त्याच संग्रहालयाने विधींच्या पवित्र वस्तूंच्या पोटल्या नवाहोंच्या सेली इथल्या कॉलेजकडे परत पाठवल्या. मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. पहिला क्ला यांनी स्वतः घेतला होता, आणि दुसऱ्यात जे ज्यांचं ते त्यांच्याकडे गेलं. तुझ्या हातात रेकॉर्डर आला की तुला हेच विचारायचं आहे: निर्णय कुणाचा, आणि काम संपल्यावर ही ध्वनिफीत राहणार कुणाकडे. नवाहो नेशनच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शासनाच्या, वारसा-जतन खात्याची परवानगी लागतेच, पण ती घराच्या परवानगीच्या जागी चालत नाही.

गाणारे कमी का झाले, हेही वाचून जा. १८६४ साली अमेरिकन सैन्याने हजारो नवाहोंना शेकडो किलोमीटर चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं; १८६८च्या तहानंतर ते परतले. मग निवासी शाळा आल्या, आणि पोरांच्या तोंडची भाषाच दाबली गेली. तरी लोकांनी हात टेकले नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून रफ रॉक इथे सरकारी निधी घेऊन हतालींना शिष्य तयार करण्यासाठी मानधन दिलं गेलं. आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसह चार राज्यांत पारंपरिक उपचारांचा खर्च मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून, द्यायला अमेरिकेच्या केंद्र सरकारने मान्यता दिली. गाणं औषध आहे, हे सरकारी कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

तुझ्यासाठी उघडं काय आहे ते सांगते, आणि ते थोडं नाही. 'साँग अँड डान्स'चे मेळावे शाळांच्या जिममध्ये होतात. एनिमी वेच्या सामाजिक गाण्यांतूनच ते वाढले. आजोबा-नात जोडीने नाचतात. विंडो रॉकचं रेडिओ केंद्र केटीएनएन, एएम ६६०, १९८६पासून चालू आहे. जुनी गाणी, कंट्री संगीत, बास्केटबॉलचं धावतं वर्णन, सगळं नवाहोत आणि इंग्रजीत. गाडीत तेच लाव. आणि हिवाळ्यात कुणी 'शू गेम'ला बोलावलं तर धावत जा. पुरलेल्या जोड्यांपैकी एकात युक्काच्या मुळाचा गोळा लपवतात, दुसऱ्या बाजूने ओळखायचं, आणि लपवणारे त्यांना गोंधळात टाकायला प्राण्यांची मिश्कील गाणी म्हणतात. हा खेळ मुळात दिवसाच्या आणि रात्रीच्या प्राण्यांनी खेळला. नेहमी उजेड असावा की अंधार, यावर पैज. कुणीच जिंकलं नाही. उजाडताच अस्वल घाईत निघालं आणि जोडे उलटसुलट पायांत घालून गेलं, म्हणून त्याची चाल तशी. उन्हाळ्यात याची गोष्ट सांग म्हणून कुणाच्या मागे लागू नकोस. ती हिवाळ्याची आहे.

रिकाम्या हाताने कुठे जाऊ नकोस. पीठ, कॉफी, बटाटे ने आणि आधी स्वयंपाकाकडे जा.

राहिली भाषा. नवाहोत सुराच्या उंचीने अर्थ बदलतो, तुझ्या कानाला ते पटकन जमेल. गाण्यांत अर्थ नसलेली वाटणारी अक्षरं खूप येतील. ती भरीची समजू नकोस, त्यांची जागा आणि क्रम ठरलेला असतो. भाषेचे वर्ग तुझ्याच विद्यापीठात आहेत. पहिल्याच सत्रात नाव घाल, आणि जागा मिळाली की कळव. फ्लॅगस्टाफ उंचावर आहे, बर्फ भरपूर पडतं. गरम कपडे इथूनच ने.

तुझ्या
बाई