तीन किसनांतल्या एकालाच जात का?

प्रश्न : अंबाजोगाईत आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. किसन नावाची तीन गिऱ्हाइकं, म्हणून एकाला ‘किसन लमाणी’ म्हणतो. मोबाईलमध्येही नंबर तसाच ठेवलाय. मनात वाईट काही नसतं. मुलगी म्हणते, असं बोलू नका. मग ‘मारवाडी’, ‘भैय्या’, ‘पारधी’ हेही शब्द टाकायचे का?
— एक वाचक

उत्तर : सगळे टाकायची गरज नाही. समाजाबद्दलच बोलणं असेल, म्हणजे तीजेचा सण, गोरमाटी बोली, जातीचा दाखला, तर नाव घेतल्याशिवाय चालतच नाही. गिऱ्हाईक ओळखायला मात्र ते लागत नाही. बाकीचे दोन किसन तुमच्या तोंडी कसे येतात? बहुधा एक ‘घाटनांदूरचा’, दुसरा ‘ट्रॅक्टरवाला’. मग तिसऱ्यालाच जात का चिकटली? त्यालाही तांड्याचं नाव किंवा आडनाव लावा. मोबाईलमधलं नावही बदला. काउंटरवर फोन वाजला की ते चारचौघांना दिसतं.

लमाणी म्हणजेच बंजारा समाज. ‘बंजारा’ म्हटलेलं सहसा चालतं. आपसांत ते स्वतःला ‘गोर’, ‘गोरमाटी’ म्हणतात आणि बाहेरच्याला ‘कोर’. सलगी दाखवायला ‘काय गोरमाटी!’ अशी हाळी मात्र देऊ नये. ‘लमाणी’ कुणाला चालतं, कुणाला खटकतं, म्हणून समोरचा स्वतःला काय म्हणवतो ते ऐकावं.

खरी गोम शब्दाच्या शेवटाला आहे. ‘मारवाड्याच्या दुकानात’ यातला ‘ड्या’ व्याकरणानं आलाय. ‘ए मारवाड्या’, ‘तो लमाण्या आला’ यात तोच हिणवायला येतो. ‘भैय्या’चं उलट: अर्थ भाऊ, पण जालन्याच्या स्टील कारखान्यातल्या कामगाराला ‘ए भैय्या’ म्हणताना भावाची आठवण कुणाला असते? नाव विचारा, संपलं.

‘पारधी’ हे जमातीचं नाव, शिवी नव्हे. ‘पारधी आलेत, दारं लावा’ यात मात्र ते शिवीच होतं. १८७१च्या इंग्रजी कायद्यानं कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का बोलण्यात राहिला.

कायद्याचंही सांगून ठेवतो. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडतात. त्यांना अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्यानं चारचौघांत जातीवरून शिवी दिली, तर १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा होऊ शकते. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातींत आहेत, आपल्याकडे विमुक्त जातींत. हा कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरताच, त्यामुळे हे कलम त्यांना इथं लागू नाही. म्हणजे बोलायला मोकळीक, असा अर्थ काही जण काढतात. तुम्ही काढू नका.

प्रश्न : आमच्या वस्तीचं नाव जातीवरून आहे. पत्ता सांगताना नको वाटतं.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : अशी नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२०मध्येच घेतलाय. समतानगर, भीमनगर, शाहूनगर अशी नावं तेव्हा सुचवली होती. ग्रामसभेत विषय मांडा आणि ठरावाची प्रत मागून घ्या. नुसत्या ठरावावर थांबलात की घोळ होतो: पाटी नवी, पण घरपट्टी, लाईट बिल आणि आधारवर जुनंच. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. ‘म्हणजे तो जुना अमुक वाडाच ना?’ असं कुणी विचारलं, तर ‘शाळेमागचं समतानगर’ एवढंच सांगा.