शवासन सोडू नकोस

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालतेस, शीर्षासन जमू लागलंय, तरी डोक्यातला गलका थांबत नाही. वर गुडघा दुखतोय, म्हणून ‘हे शरीर मला साथच देत नाही’ असं लिहिलंस. पत्रात सगळ्या आसनांची नावं आहेत, शवासनाचं तेवढं नाही. फोनवर विचारलं तर म्हणालीस, ‘तेवढा वेळ नसतो, ऑफिस गाठायचं असतं.’

मग नमस्कार चार कमी घाल. शवासन सोडू नकोस.

पुण्यात राहून जगाला आसनं शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात शवासनाला साधायला अत्यंत अवघड अशा आसनांत बसवलंय, कारण शरीरापेक्षा मन स्थिर ठेवणं कठीण. लहानपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षयाने गांजलेला हा माणूस. शरीर साथ देत नाही म्हणजे काय, हे त्यांना तुझ्यामाझ्याहून जास्त ठाऊक होतं.

डोक्या-मानेखाली घोंगडीची घडी घे. गुडघ्यांखाली लोड घे, म्हणजे दुखरा गुडघा सैल पडेल. तळहात वर. आता जबडा सोड, मग जिभेचं मूळ. तोंड मिटलेलं असलं तरी जीभ आत ताठच असते, बोलायच्या तयारीत. ती सैलावली की निम्मा गलका ओसरतो. उच्छ्वास थोडा लांबू दे, जोर लावू नकोस. उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती किंचित उतरते, ते शरीर आपलं आपण करतं. उच्छ्वास संपलेला आणि पुढचा श्वास अजून यायचा, त्या जराशा अवकाशात थांब. तू शोधतेस ती शांतता तिथे आहे. पहिले काही दिवस ती निसटेल. निसटू दे, पण उठू नकोस.

मग गुडघ्यापाशी जा. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, त्याची कधी विचारपूस केलीस? गुडघा महिनाभर कुरकुरला तर लगेच तक्रार! मला रागच येतो. लहानपणापासून तुला उचलून नेतोय तो. त्याच्याकडे नीट लक्ष देऊन दहा मिनिटं पडून राहा, आभाराचे शब्द शोधत बसू नकोस.

माझ्या आईची मला खंत आहे. आयुष्य उभ्याने राबण्यात गेलं. दुपारी पाठ टेकली तरी तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. हे सगळं तिला सांगण्याइतकं मला कळू लागलं, तेव्हा ती नव्हती. म्हणून माझ्या वर्गात शवासन सुरू झालं की दाराला कडी लागते. कंटाळून काही जण वर्ग सोडून गेले, काही मला हेकट म्हणतात. म्हणोत. अर्धवट उठून जाणाऱ्यांसाठी मी कडी काढणार नाही, तुझ्यासाठीही नाही.

गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखव, तोवर वज्रासन बंद. शनिवारी वर्गाला ये. येताना पायमोजे आण, पडून राहिलं की अंग गार पडतं आणि आमची फरशीही थंड आहे.

तुझी,
मावशी