पीएफ-ईएसआयसी आणि प्रोफेशनल टॅक्सचा भार शेवटी कोणावर पडतो?

तुमचं म्हणणं असं: सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, कमिटी सांगते की एजन्सीने वॉचमनचा पीएफ भरायला घेतला म्हणून. मग मालकावर लावलेलं ओझं शेवटी ग्राहकच वाहतो का?

मी मरोळ-साकीनाका भागातल्या लहान कारखान्यांचे पगार आणि चलनं बघतो. वॉचमनच्या बाबतीत, हो, बहुतेक ग्राहकच. शर्ट शिवणाऱ्याच्या बाबतीत क्वचित.

आधी एक पगारपत्रक बघा. एकूण पगार २०,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,०००. कामगाराकडून पीएफ १,८००, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) १५०, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १७,८५०. मालक वर भरतो पीएफखाली १,९५० आणि ईएसआयसीचे ६५०, म्हणजे त्याला माणूस पडतो २२,६०० ला. मधले ४,७५० गेले कुठे? २,३५० कामगाराच्याच पीएफ खात्यात, १,२५० पेन्शन फंडात, ८०० ईएसआयसीला, १५० विमा आणि प्रशासन खर्चाला. निव्वळ कर म्हणावा असे फक्त २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पगारापर्यंत तोही नाही. हा कर १९७५ च्या कायद्याने रोजगार हमीसाठी आला आणि राज्यघटनेतच त्याला वर्षाला २,५०० ची मर्यादा आहे, ती १९८८ पासून हललेली नाही. त्यामुळे महागाईचं खापर त्याच्यावर फोडू नका.

उरलेला भार मालक कोणावर ढकलू शकतो, यावर सगळं अवलंबून आहे. वॉचमन साधारण किमान वेतनावर असतो, त्याचा पगार कायद्याने आणखी खाली नेता येत नाही. आणि तुमच्या गेटवर उभं राहायला माणूस इथलाच लागतो. म्हणून एजन्सी पगार, पीएफ, ईएसआयसी, बोनस, स्वतःचं कमिशन अशी बेरीज करते, वर १८ टक्के जीएसटी लावते आणि बिल तुमच्याकडे पाठवते.

शर्ट शिवणाऱ्या कारखान्याच्या मालकाला ही सोय नाही. पीसचा भाव खरेदीदार ठरवतो, आणि भाव वाढवला तर काम धारावीतल्या किंवा भिवंडीतल्या नोंदणी नसलेल्या गाळ्यात जातं. मग तो दिवाळीनंतरची पगारवाढ खातो. किंवा हजेरीपटावर १९ च माणसं ठेवतो, कारण पीएफ २० पासून लागतो, आणि पुढचे सगळे ठेकेदाराच्या नावावर घेतो. कायद्याने तेही मोजले जातात, पण इन्स्पेक्टर येईपर्यंत कोण मोजतंय! महागाईपेक्षा मला हे जास्त खुपतं. वाढू शकणारा धंदा १९ वर अडून राहतो आणि विसाव्या माणसाच्या घरात पीएफ, ईएसआयसीचं कार्ड, काहीच येत नाही.

मालकाचा वाटा पगारातूनच वसूल होतो याचं गाजलेलं उदाहरण चिलीचं. तिथे १९८१ मध्ये पेन्शन खासगी खात्यांकडे गेली आणि पगारावरचा मालकाचा कर सरासरी ३० टक्क्यांवरून ८.५ वर आला. जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञाने कारखान्यांचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की जवळपास सगळा फायदा पगारवाढीत गेला, नोकऱ्या फारशा वाढल्या नाहीत. आपल्याकडे सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चात, मालकाचा पीएफ धरून ऑफर देतात, तो हाच प्रकार. सही करण्याआधी तो आकडा वजा करून बघा.

तुमच्या सोसायटीपुरतं सांगायचं तर कमिटीला एजन्सीच्या बिलाची फोड मागा, सोबत पीएफचा ईसीआर (कोणाचा किती पीएफ भरला याचं मासिक विवरण) आणि ईएसआयसीचं चलन. ईसीआरमध्ये तुमच्याच वॉचमनची नावं आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आहेत का ते पाहा. वॉचमनला उमंग ॲपवर त्याचं पासबुक उघडून द्या. तिथे महिन्याची रक्कम जमा दिसत नसेल, तर मेंटेनन्स वाढवायचं कमिटीने दिलेलं कारण खोटं आहे आणि एजन्सीकडून फरक परत मागता येईल.