एका मिनिटात बारा आवाज

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझी क्लिप दोनदा ऐकली. एका मिनिटात बारा आवाज! गळा तयार आहे, वादच नाही. पण त्या बारांतलं एकही माणूस माझ्या ओळखीचं झालं नाही.

अमेरिकन कार्टूनना आवाज देणारा डॉज बटलर ऐकलायस? योगी बेअर, हकलबेरी हाउंड, क्विक ड्रॉ मॅकग्रॉ हे सगळे त्याचेच. ‘जेटसन्स’ या कार्टून मालिकेतला चिमुकला एलरॉय १९६२ साली बोलायला लागला, तेव्हा हा गृहस्थ ४५ वर्षांचा होता. ही कार्टूनं बनवणारी हॅना-बार्बेरा जोडी टीव्हीकडे वळली ती तुटपुंज्या पैशात, म्हणून चित्रंही मोजकी. योगीच्या गळ्यात कॉलर का, ठाऊक आहे? धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवायचं आणि जोड कॉलरखाली झाकायचा! अंग हलत नाही म्हटल्यावर विनोदाचा सगळा भार आवाजावर आला.

हाच बटलर ओहायोतल्या नॅन्सी कार्टराइटला टपालानं धडे द्यायचा. १९८७ मध्ये ती ‘सिम्पसन्स’ कार्टूनमधल्या लिसाच्या आवाजाच्या ऑडिशनला गेली आणि लिसाच्या भावाचं, बार्टचं वर्णन वाचून म्हणाली, मला हा वाचू द्या. दहा वर्षांचा उनाड पोरगा! तो तिला कागदावरच भेटला होता.

मला नाही भेटला. पहिल्याच मालिकेत खोडकर मुलाचा आवाज मी घसा आवळून काढला. चौथ्या भागाला आवाज बसला आणि माझ्या जागी दुसरी आली. महिनाभर ज्येष्ठमध चघळत घरी बसले. आमच्या चाळीतला एक पोरगा थाप मारण्याआधी हमखास नाक ओढायचा. पुढच्या कामात ते नाक ओढणं उचललं, तर आवाज मागोमाग आला, तोही घसा न दुखता.

आपल्याकडे डबिंगमध्ये अडचण वेगळी. तिकडे आवाज आधी, चित्र नंतर. आपल्यासमोर ओठ आधीच हललेले. त्यामुळे पोरं लिपसिंकच्या, म्हणजे ओठांशी शब्द जुळवण्याच्या मागे धावतात नि पात्र हातचं सुटतं. किंचाळ्या मात्र सेशनच्या शेवटीच घ्यायला सांग, लाजू नकोस. आणि तोंडाची चटचट माइकवर येत असेल तर आधी हिरवं सफरचंद खा.

आता आवाज द्यायला एकच मुलगा निवड. रेकॉर्ड करू नकोस इतक्यात. तो कितवीत आहे, कुणाला घाबरतो आणि आत्ता त्याच्या खिशात काय काय आहे, एवढं रविवारपर्यंत लिहून पाठव.

तुझी,
मावशी