वाचक विचारतात : जुन्या घरावर कौले कोणती?

प्रश्न : पणजीत फोन्तेन्हासमध्ये आमचे जुने मंगळुरी कौलांचे घर आहे. दोन्ही पाखी मिळून छप्पर साधारण 1200 चौरस फूट. तीन-चार ठिकाणी गळते. ठेकेदार म्हणतो, कौले उतरवा, लोखंडी पाइपांवर कौलाच्या नक्षीचा रंगीत पत्रा टाका, मग वीस वर्षे बघायला नको. काय करावे?

उत्तर : पत्रा टाकू नका. फोन्तेन्हास संरक्षित विभागात मोडते, त्यामुळे रस्त्यावरून दिसणारे छप्पर बदलण्याआधी परवानगी लागते. पण ही अट नसती तरी सल्ला हाच दिला असता. दमट हवेत पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटते आणि ते तक्तपोशीवर, म्हणजे आतल्या लाकडी छतावर, ठिबकते. स्क्रूखालचे रबर उन्हाने चिरते, आणि खाऱ्या वाऱ्यात कापलेल्या कडेपासून गंज चढत जातो. वीस वर्षांचा हिशोब तिथेच बिघडतो.

आधी माळ्यावर चढून वासे तपासा. वाशांची टोके भिंतीत शिरतात तिथे आणि पागोळीजवळ, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपाशी, पेचकस टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे. तेवढेच टोक कापून नवे जोडा, अख्खा वासा काढायची गरज बहुधा पडत नाही.

मग कौले उतरवून एकेक वाजवून घ्या. खणखणीत वाजेल ते ठेवायचे, बद्द वाजेल ते बाजूला. नवी कौले घेताना नमुन्याची चार-पाच आणा, कोरडी तोला, चोवीस तास पाण्यात ठेवून, पुसून पुन्हा तोला. अडीच किलोचे कौल तीन किलोच्या वर गेले तर माल परत करा.

खरी गडबड होते ती जुनी-नवी मिसळल्याने. प्रत्येक कारखान्याच्या साच्याची खोबण थोडी वेगळी असते. रंग जुळला तरी कड नीट बसत नाही आणि त्या फटीतून तिरका पाऊस आत येतो. म्हणून एका पाख्यावर एकाच साच्याची कौले हवीत. चांगली जुनी सगळी रस्त्याकडच्या पाख्यावर घ्या, नवी मागच्या बाजूला. शंभर चौरस फुटांना 140 ते 150 कौले लागतात. मागचे पाखे 600 फुटांचे धरले तर सुमारे 900, आणि फुटतुटीसाठी वर शंभर.

रिपा, म्हणजे कौले ज्यांना अडकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, जुन्या मापाने ठोकू नका. बारा कौले उभ्या ओळीत एकदा दाबून आणि एकदा ताणून मांडा. दोन्ही वेळा पहिल्या कौलाच्या अडकणापासून (रिपेला अडकणारा खालचा उंचवटा) अकराव्याच्या अडकणापर्यंत मोजा. दोन्ही मापांची बेरीज भागिले वीस म्हणजे रिपांमधले अंतर. ते सहसा साडेबारा इंचांच्या आसपास येते. पागोळीची रीप मात्र एका कौलाच्या जाडीने उंच घ्या. तिथे खाली कौल नसते, म्हणून उंची दिली नाही तर पहिली ओळ पुढे झुकते आणि वरच्या ओळीचा सांधा उघडा पडतो.

आढ्यावर, म्हणजे दोन पाखी मिळतात त्या माथ्यावर, निव्वळ सिमेंट नको. उन्हाने लाकूड हलते, कडक सिमेंटला केसाएवढी चीर जाते आणि ती पाणी ओढते. एक भाग चुना, तीन भाग वाळू पुरे. कडेच्या आणि पागोळीच्या ओळी तारेने रिपांना बांधा.

प्रश्न : गिरगावच्या खोताचीवाडीतले आमचे घर शाकारताना कौलांखाली ताडपत्री घालू का?

उत्तर : नको. झिरपलेले पाणी आडव्या रिपेशी अडते आणि रीप कुजते, खालून कळतही नाही. अस्तर हवेच असेल तर वाफ जाऊ देणारे घ्या, ते वाशांवर अंथरा, त्यावर वाशाच्या दिशेने एक इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोका आणि मग आडव्या रिपा. पाणी पट्ट्यांमधून पन्हळीत उतरते. वाडी वारसा यादीत आहे, म्हणून काम काढण्याआधी महापालिकेत विचारा.

प्रश्न : कोकणातल्या घराची नळीची कौले काढून मंगळुरी बसवावीत का?

उत्तर : नळीची कौले मिळत असतील तर तीच ठेवा. मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूला काढला. त्याआधीच्या घरावर ते मूळचे असूच शकत नाही. शिवाय रिपांचे अंतर वेगळे, म्हणजे सगळी मांडणी नव्याने करावी लागेल.