२००४ च्या रेड सॉक्स–यँकीज या बेसबॉल संघांच्या मालिकेतील चौथ्या सामन्याला कलाटणी नेमकी कशामुळे मिळाली?

माझ्या मते, रेड सॉक्सच्या डेव्ह रॉबर्ट्सने चोरलेल्या, म्हणजे फटका न बसताच धावून गाठलेल्या, दुसऱ्या बेसमुळे. १७ ऑक्टोबर २००४ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर सुरू झालेल्या या सामन्यापूर्वी यँकीज मालिकेत ३-० ने पुढे होते आणि नवव्या डावातही ४-३ अशा आघाडीसह चेंडू मारियानो रिव्हेरासारख्या कसलेल्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हाती होता. रेड सॉक्सच्या केविन मिलारला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फटक्याविना पहिला बेस) मिळताच त्याच्या जागी रॉबर्ट्स धावायला आला. रिव्हेराने त्याला रोखण्यासाठी लागोपाठ तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला, तरीही फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स दुसऱ्या बेसकडे सुटला आणि यँकीजच्या डेरेक जीटरचा टॅग (बाद करणारा चेंडूचा स्पर्श) लागण्याआधी जेमतेम पोहोचला. असे धाडस विरळाच! बिल म्युलरच्या फटक्यावर रॉबर्ट्सने धाव पूर्ण करून बरोबरी साधली आणि बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने (थेट सीमेपार गेलेल्या फटक्याने) रेड सॉक्स ६-४ ने जिंकले. पुढचे तिन्ही सामनेही त्यांनीच घेतले.