विज्ञानकथेतलं खरं-खोटं: उष्णता टाकायची कुठे?

या महिन्याची पत्रं वाचताना एक गंमत लक्षात आली. मे महिना, ठाण्यात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, पंखा पण गरम हवाच फेकतोय, आणि बहुतेक त्याचाच परिणाम असेल पण सगळे प्रश्न फिरून फिरून उष्णतेवरच येत होते, विचारणाऱ्याच्या डोक्यात ते नसलं तरी. माझी जुनी तक्रार आहेच की साय-फायवाले इंजिनाला ताकद कुठून आली ते रंगवून सांगतात, पण ती वापरून झाल्यावर जी उष्णता उरते ती कुठे टाकली याबद्दल अवाक्षर नाही. घरात रोज कचरा होतो तशी ती होतेच, आणि अंतराळात घंटागाडी येत नाही.

मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये नाइट शिफ्टला आहे. आमच्याकडे सर्व्हरपेक्षा कूलिंगचीच कटकट जास्त. कॅन्टीनमध्ये चर्चा असते की पुढे डेटा सेंटर अंतराळात जाणार, तिथे उणे २७० डिग्री, कूलिंग फुकट. पिक्चरमधल्या स्पेसशिपचा कॉम्प्युटर पण कधी तापत नाही. हे खरं आहे का? – ऐरोलीचे वाचक

तुमच्या कॅन्टीनवाल्यांना आधी चहाचा थर्मास दाखवा. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअरने दोन भिंतींमधली हवा काढून टाकली आणि आतली वस्तू तासन् तास गरम किंवा थंड राहायला लागली, कारण पोकळीतून उष्णता सहज जात नाही. आता विचार करा, अंतराळ म्हणजे तोच थर्मास, फक्त त्याला दुसऱ्या बाजूची भिंतच नाही. तुमच्या सर्व्हरची उष्णता हवा किंवा पाणी वाहून नेतं आणि शेवटी ती नवी मुंबईच्या हवेत जाते. आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांच्या एसीचं आऊटडोअर युनिट बरोबर माझ्या खिडकीकडे तोंड करून आहे, त्यांचा बेडरूम गार आणि माझा तंदूर, तेच तत्त्व. वर फेकायला शेजारी पण नाही आणि हवा पण नाही.

मग उरतो एकच मार्ग, उष्णता किरणांच्या रूपाने सोडायची, आणि तो मार्ग जाम हळू आहे. २७ अंश तापमानाचा चांगला काळा पत्रा एका बाजूने चौरस मीटरमागे साधारण ४०० वॉट सोडतो, दोन्ही बाजूंनी धरा ८००. म्हणजे फक्त १ मेगावॉटसाठी बाराशे चौरस मीटरचा पत्रा लागला, तेरा हजार स्क्वेअर फूट, वीसेक टू बीएचके पसरून ठेवल्यासारखं, आणि तो पण उन्हाकडे कड करून, नाहीतर तोच तापणार. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अ‍ॅमोनिया फिरवणारी जी मुख्य यंत्रणा आहे, ते मोठे पांढरे पंख दिसतात ना फोटोत, ती जेमतेम ७० किलोवॉट बाहेर टाकते. तुमच्याकडे हल्लीचं एआयवालं एकच रॅक, म्हणजे सर्व्हरचं एक कपाट, त्याच्या वर जात असेल.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चांद्रयान-१ ला नोव्हेंबर २००८ मध्ये चंद्राभोवती थंडीचा नाही तर उकाड्याचा त्रास झाला. एकीकडून ऊन, दुसरीकडून चंद्राची तापलेली जमीन, यानाचं तापमान ५० अंशांवर गेलं, मग इस्रोने यान २० अंश वळवलं आणि उपकरणं आळीपाळीने चालवली, जशी आपण गिझर आणि इस्त्री एकदम लावत नाही तशी. कोणी म्हणेल १९७० मध्ये अपोलो १३ चे लोक गारठले होते त्याचं काय, तर ते गारठले कारण वीज वाचवायला त्यांनी जवळपास सगळी उपकरणं बंद केली होती. चूल विझली की घर गार पडणारच.

एक पळवाट आहे. केल्विनमध्ये, म्हणजे उणे २७३ अंशांना शून्य धरून, मोजलेलं तापमान दुप्पट केलं की त्याच पत्र्यातून १६ पट उष्णता जाते. म्हणून खऱ्या दमदार स्पेसशिपला लालबुंद तापलेले भले मोठे पंख असायला पाहिजेत, आणि मला विचाराल तर ते दिसेलही भारी, पण चित्रकारांना चकचकीत सुरीसारखं जहाज काढायचं असतं. तुमच्या चिपला मात्र लालबुंद होऊन चालत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. काही कंपन्या यावर खरंच पैसे लावतायत कारण वर ऊन जवळपास अखंड मिळतं, तो फायदा खोटा नाही. कूलिंग फुकट हे मात्र खोटं. तुमची नोकरी इतक्यात कुठे जात नाही.

शत्रूचं जहाज अंतराळात लपून बसतं, रडारवर दिसत नाही, असं करता येईल का? – नेरूळची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

रडारपासून लपशील गं, पण वरचं उत्तर वाचलंस ना, माणसं आत बसली आहेत म्हणजे जहाज वीसपंचवीस अंशांवर असणार आणि मागचं आकाश उणे २७० वर. उष्णतेचे किरण टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला ते लाइट गेलेल्या गल्लीत एकट्याने कंदील घेऊन चालल्यासारखं दिसतं. उष्णता थोडा वेळ आत कोंडून ठेवता येईल, बर्फ वितळवून वगैरे, पण बर्फ संपला की आतलेच शिजायला लागणार.

एअरलॉक (यानातून बाहेर पडायचं दार) उघडलं की माणूस एका सेकंदात गोठतो, हे बरोबर दाखवतात का? – कळव्याहून

नाही, थर्मासचाच मुद्दा, उष्णता एवढ्या पटकन जायला रस्ताच नाही. जीव जातो तो ऑक्सिजनअभावी. १९६६ च्या डिसेंबरात ह्यूस्टनला नासाच्या निर्वात खोलीत एका तंत्रज्ञाच्या सूटमधली हवा अचानक गेली, १४-१५ सेकंदांत तो बेशुद्ध पडला, लगेच हवा भरल्यामुळे वाचला, आणि शेवटची आठवण काय तर जिभेवरची लाळ उकळतेय. दाब नसला की पाणी अंगाच्या उष्णतेवरच उकळतं. उलट स्पेसवॉक करणारे अंगाला चिकटून पाण्याच्या बारीक नळ्यांचा कपडा घालतात, तो ऊब यायला नसतो, अंगाची उष्णता काढून न्यायला असतो.

मी आठवीत आहे. प्रकाशाची तलवार खरंच बनवता येईल का? माझा मित्र म्हणतो लेझरने होईल. – घोडबंदर रोड

मित्राला सांग की लेझर मीटरभर जाऊन थांबत नाही, समोर काही येईपर्यंत जातच राहतो. आणि दोन लेझर एकमेकांवर आपटून खणखणत नाहीत, आरपार निघून जातात. दहीहंडीला स्टेजवरचा हिरवा लेझर रेषेसारखा दिसतो तो धुरामुळे, धूर नसेल तर बाजूने काहीच दिसणार नाही (आणि त्या लेझरकडे बघू नकोस, डोळ्याचा पडदा जळतो, हे खरं सांगतोय).

प्लाझ्मा म्हटलंस तर जरा जवळ आलास. वायू इतका तापवायचा की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात. वागळे इस्टेटमध्ये एखाद्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटर चालताना दुरून बघ, त्याची ज्योत २० हजार अंशांच्या आसपास असते आणि जाड पत्रा लोण्यासारखा कापते, पण ती जेमतेम बोटभर लांब असते आणि मागे हवेचा कॉम्प्रेसर आणि जाड केबल असते. तिला मीटरभर लांब करून आकारात धरून ठेवायला चुंबकीय क्षेत्र लागेल, आणि ते मुठीत मावेल असं अजून कुणाला जमलेलं नाही.

आता तुला हिशोब देतो. तलवारीने फूटभर जाड लोखंडी दारात माणूस जाईल एवढं गोल भोक पाडायचं म्हणजे जवळपास ३०० किलो लोखंड वितळवायचं, त्याला कमीत कमी १०० युनिट वीज, म्हणजे एखाद्या छोट्या घराची महिन्याभराची, आणि ती दहा सेकंदांत. मुठीत एवढी बॅटरी आहे असं घटकाभर मानू. पण ती ज्योत सगळीकडे उष्णता फेकणार ना, फक्त दाराकडे नाही. वेल्डिंगवाले काका तोंडावर काळी काच आणि हातात चामड्याचे ग्लोव्हज का घालतात? तुझ्या हिरोच्या भुवया पहिल्या वारातच गेल्या.

वय ७८. मला गोठवून शंभर वर्षांनी उठवतील का हो? नातवाच्या मोबाइलवर बघितलं. – नौपाड्याचे आजोबा

आजोबा, तुमचं पत्र शाईपेनने लिहिलेलं, अक्षर सुंदर, म्हणून सविस्तर सांगतो.

गोठवणं जमतं, पण लहान गोष्टींचं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवून मग आईच्या पोटात सोडला आणि ३ ऑक्टोबर १९७८ ला ‘दुर्गा’ जन्मली, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. त्या माणसाला जिवंतपणी आपण काय दिलं तर चौकशी आणि बदली, १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली, हे आठवलं की अजून राग येतो. आज आपल्या राम मारुती रोडच्या आसपास सुद्धा आयव्हीएफच्या पाट्या दिसतात, तिथले गर्भ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले जातात.

अख्ख्या माणसाची अडचण अशी की पाण्याचा बर्फ होताना त्याचे स्फटिक पेशी फाडतात. फ्रीजरमधून काढलेला टोमॅटो कसा लिबलिबीत होतो, तसं. यावर उपाय निघालाय, पाण्याऐवजी रसायनं भरून इतक्या झपाट्याने थंड करायचं की बर्फ न होता काच व्हावी. पण खरी मेख गोठवण्यात नाही, परत गरम करण्यात आहे. सुनेने मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला भात आठवा, कडेला चटका आणि मधे गार. अवयवाचं तसं झालं तर त्याला तडे जातात किंवा मधेच बर्फ धरतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात उंदरांची मूत्रपिंडं १०० दिवसांपर्यंत अशी ठेवून परत बसवली आणि ती चालली. त्यांनी रक्तवाहिन्यांत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरले आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्राने आतूनच सगळीकडे एकसारखी ऊब दिली, इंडक्शन शेगडीचाच नातेवाईक म्हणा. उंदराचं मूत्रपिंड केवढं, काजूएवढं. तुम्ही केवढे!

१९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाला मृत्यूनंतर गोठवलं, ते अजून तसेच आहेत, कुणीही परत उठलेलं नाही. आणि समजा उठवलंच तर तलावपाळीला संध्याकाळी बाकावर बसायला ओळखीचं कोण असणार, हे पण बघा. मी तरी पैसे भरणार नाही.

ठाण्याहून वाशी रोज ट्रान्स हार्बरने. टेलिपोर्टेशन कधी येतंय? – वर्तकनगर

शरीराची ऊर्जा करून पाठवायची म्हणालात तर ७० किलोच्या माणसाची होते साधारण दीड हजार मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या एक लाख पट. ती ठाण्यात कुठे सांडली तर ठाणे पण नाही आणि वाशी पण नाही. क्वांटम टेलिपोर्टेशन नावाची गोष्ट खरी आहे, १९९३ मध्ये कागदावर मांडली, १९९७ मध्ये प्रयोगात झाली, २०१७ मध्ये चिनी उपग्रहापर्यंत १४०० किलोमीटर गेली, पण त्यात वस्तू जात नाही, प्रकाशाच्या एका कणाची फक्त अवस्था जाते, इकडची मोडते तेव्हा तिकडे बनते, आणि सोबत एक साधा निरोप नेहमीच्या मार्गाने पाठवावाच लागतो, तो पोचेपर्यंत पलीकडे काही जुळत नाही. पास संपत आला असेल तर रिन्यू करून घ्या.